शेअर्ड ओनरशिपचे घर घेताना: आधी भाड्याचा हिशेब

इंग्लंडमधल्या शेअर्ड ओनरशिपच्या (घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा, उरलेल्यावर भाडे द्यायचे) जाहिरातीत तुमच्या हिस्स्याची किंमत ठळक छापलेली असते. घर परवडेल की नाही हे मात्र कर्जाचा हप्ता, न घेतलेल्या हिस्स्याचे भाडे आणि सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) या तिन्हींच्या बेरजेवर ठरते.

समजा घर ३,००,००० पौंडांचे आहे आणि तुम्ही ४० टक्के घेताय. हिस्सा १,२०,००० चा. डिपॉझिट हिस्स्यावर मोजतात, म्हणजे १० टक्क्यांनी १२,०००. उरलेले १,०८,००० पाच टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना ५८० च्या आसपास. हाउसिंग असोसिएशनकडे (उरलेल्या हिस्स्याची मालक संस्था) राहिलेल्या १,८०,००० वर वर्षाला २.७५ टक्के भाडे, म्हणजे महिना सुमारे ४१२. सर्व्हिस चार्ज वर, आणि तो ४० टक्के नव्हे, पूर्णच्या पूर्ण तुमच्या माथी.

भाडे दरवर्षी वाढते: नव्या लीजमध्ये (घराचा दीर्घ मुदतीचा करार) सहसा सीपीआय अधिक १ टक्का, जुन्यांत बहुधा आरपीआय अधिक अर्धा टक्का (दोन्ही महागाईचे निर्देशांक). सरासरी ४ टक्के वाढ धरली तर ४१२ चे दहा वर्षांत ६१० होतात. हप्ता कधीतरी फिटतो, भाडे मात्र १०० टक्के घेईपर्यंत सुटत नाही. आणि हप्ता वेळेवर भरूनही भाडे थकले, तरी घर हातचे जाऊ शकते.

पात्रतेसाठी घरातले एकूण वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांपर्यंत हवे, लंडनमध्ये ९०,०००. असोसिएशन आपला मॉर्गेज सल्लागार सुचवते; परवडण्याची तपासणी त्याच्याकडे झाली तरी कर्ज त्याच्याकडूनच घ्यायचे बंधन नाही. सगळ्या बँका असे कर्ज देत नाहीत, १० टक्क्यांच्या छोट्या हिस्स्याला तर फारच थोड्या. म्हणून आवडलेल्या घराच्या हिस्स्यावर कोण कर्ज देईल हे बुकिंगआधी ब्रोकरला विचारा.

लीज कोणत्या मॉडेलची, हे 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' या घराच्या माहितीपत्रकात पाहा. २०२१ मध्ये आलेल्या मॉडेलमध्ये लीज किमान ९९० वर्षांची आणि हिस्सा १० टक्क्यांपासून. पहिली १० वर्षे इमारतीची बाहेरची व ढाच्याची दुरुस्ती असोसिएशन करते; घरातल्या पाइप, हीटिंगसारख्या कामांसाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. जुन्या मॉडेलमध्ये घरातला बॉयलर बिघडला की खर्च तुमचा. रीसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून हिस्सा घेताना, ९९ वर्षांची जुनी लीज असेल तर उरलेली वर्षे मोजाच. ८० च्या खाली गेली की मुदतवाढ महागते आणि बँका नाक मुरडतात.

हिस्सा वाढवणे, म्हणजे स्टेअरकेसिंग, त्या दिवशीच्या भावाने होते. तेच घर ३,३०,००० झाले तर आणखी १० टक्क्यांना ३३,००० लागतात, शिवाय मूल्यांकन आणि सॉलिसिटरची फी. मूल्यांकन साधारण तीनच महिने चालते, त्यामुळे कर्जाची जुळवाजुळव आधी करा, नाहीतर फी दुसऱ्यांदा भरावी लागते. नव्या मॉडेलमध्ये १५ वर्षे दरवर्षी १ टक्का घेता येतो, तोही घरकिमतींच्या निर्देशांकावरून, त्यामुळे मूल्यांकनाचा खर्च वाचतो. काही ग्रामीण भागांत ८० टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही.

स्टॅम्प ड्यूटी सुरुवातीलाच पूर्ण बाजारभावावर भरायची की टप्प्याटप्प्याने, हे सॉलिसिटरकडून दोन्ही आकडे काढून ठरवा. टप्प्यांचा पर्याय घेतला तर पुढच्या खरेदीवर ८० टक्के ओलांडेपर्यंत कर नाही.

विकताना असोसिएशनला आधी गिऱ्हाईक शोधायची मुदत द्यावी लागते: नव्या लीजमध्ये ४ आठवडे, जुन्यांत बहुधा ८. परगावी नोकरी लागली म्हणून पूर्ण घर भाड्याने देऊ म्हणाल, तर त्याला सहसा परवानगी मिळत नाही.