एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या: जोडण्याआधी काय पाहावं

नागपूरच्या काटोल रोडवर माझं ट्रॉल्यांचं वर्कशॉप आहे. कापसाचा हंगाम लागला की कोणी ना कोणी येऊन म्हणतंच, "भाऊ, ट्रॉलीच्या मागे हुक मारून द्या, दोन सोबतच नेतो." मागणी रास्त आहे. डिझेल वाचतं, ड्रायव्हर एकच लागतो, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या) कारखान्याच्या रांगेत एकदाच उभं राहावं लागतं. तरी वेल्डिंग मशीन चालू करण्याआधी मी कागद पाहतो आणि माल कोणता, रस्ता कोणता हे विचारतो.

आधी कागद. दोन ट्रॉल्यांवर सरसकट बंदी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 मध्ये मात्र एक किंवा अनेक ट्रॉल्या असाच उल्लेख आहे, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे एकामागे एक ट्रॉल्या जोडल्या जातात हे कायद्याला माहीत आहे. म्हणून कोणत्याही ट्रॅक्टरमागे कितीही जोडा असं नाही. त्याच कलमाप्रमाणे प्रत्येक ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते. जुनी, भावकीतून आलेली, आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) नसलेली ट्रॉली मागे लावली तर ती बिनानोंदणीची गाडीच ठरते. शिवाय ट्रॅक्टरच्या आरसीवरचं आणि कंपनीच्या पुस्तकातलं ओढण्याचं वजन, पूर्ण गाडीची लांबी, राज्याचे नियम हे सगळं पाहावं लागतंच. म्हणून तिन्ही आरसी घेऊन आपल्या आरटीओत जा (नागपूर ग्रामीणचा एमएच-40, शहराचा एमएच-31, पूर्व नागपूरचा एमएच-49) आणि ही जोडी, हा माल, हा रस्ता चालेल का, हे अर्ज देऊन लेखी विचारा. उत्तराची प्रत ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा.

लायसन्सचा घोळ कमी आहे. कोरं वजन 7500 किलोच्या आत असलेला ट्रॅक्टर एलएमव्हीत, म्हणजे हलक्या मोटार वाहनात, बसतो, आणि ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2001 च्या नागशेट्टी निकालात सांगितलं आहे. विम्याचं मात्र नीट पाहा. पॉलिसीत दोन्ही ट्रॉल्यांची नोंद हवी. शेतीसाठी काढलेल्या पॉलिसीवर दुसऱ्याच्या विटा किंवा वाळू भाड्याने वाहिली आणि अपघात झाला, तर कंपनी पैसे द्यायला नकार देते आणि कोर्टाच्या चकरा मालकाच्या नशिबी येतात. ट्रॉलीत मजूर बसवून नेऊ नका. त्यांच्यासाठी ना ती गाडी आहे, ना तो विमा.

आता खरी गोष्ट, ब्रेक. 45 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. भरलेली एक ट्रॉली सहा टनांची धरा, दोन झाल्या बारा. आपल्याकडच्या साध्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. चौदा टन त्या दोन चाकांनी थांबवायचे! "माझा ट्रॅक्टर आरामात ओढतो" असं मला कोणी सांगितलं की मी विचारतो, पुलावरून उतरताना समोर गाय आली तर थांबतो का? दुसरी ट्रॉली जोडायचीच असेल तर निदान मागच्या ट्रॉलीला ब्रेक बसवा. खर्च होतो, पण त्याशिवाय भरलेल्या दोन ट्रॉल्यांसाठी हुक मारायला मी तयार होत नाही.

मालावर बरंच अवलंबून असतं. कापूस किंवा कुटार (जनावरांचा भुसा) ट्रॉलीभर असलं तरी वाळूच्या निम्मंही वजन भरत नाही, म्हणून दोन ट्रॉल्यांचा विचार तिथेच करावा. वाळू, गिट्टी, विटा असतील तर एकच ट्रॉली न्या. हलक्या मालाचा धोका वेगळा आहे: उंची आणि फुगवटा. पल्ल्या बांधून बाजूला दोन-दोन हात माल काढला की मागचं काही दिसत नाही, आणि बाहेर आलेल्या मालाला कलम 194 खाली 20,000 रुपये दंड लिहिलेला आहे. जास्त वजनालाही तेवढाच, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

जोडण्याची पद्धत. दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं आणि त्यामुळे मागचे टायर जमीन धरतात. त्याच ट्रॉलीच्या शेपटीला दुसरी दोन चाकी ट्रॉली लावली की तिचं वजन शेपूट खाली दाबतं, पुढची दांडी उचलली जाते आणि टायरची पकड सुटते. म्हणून मागची ट्रॉली चार चाकी, पुढचा एक्सल दांडीसोबत वळणारी घ्या. तिचं वजन पुढच्या ट्रॉलीवर पडत नाही. जड ट्रॉली नेहमी पुढे, हलकी मागे. पुढची रिकामी आणि मागची भरलेली असेल तर गाडी नागमोडी चालू लागते. पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या पाट्याला नुसता हुक चिकटवून भागत नाही. ओढ चेसिसच्या दोन्ही लांब चॅनलवर गेली पाहिजे, म्हणून मी आडवा चॅनल टाकून कोपऱ्यांना गसेट (जोड मजबूत करणारी तिकोनी पट्टी) देतो. पिनला खालून क्लिप लावा, सळईचा तुकडा वाकवून घालू नका. प्रत्येक जोडाला साखळी हवीच. ट्रॅक्टरकडची दांडी खालच्या हुकालाच लावा; वर टॉप लिंकच्या जागी लावली तर जोर पडताच पुढची चाकं उचलतात.

मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रेडियम पट्टी दोन्ही ट्रॉल्यांना लावा. लाइटची वायर शेवटच्या ट्रॉलीपर्यंत न्या. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, त्याला दिसते ती शेवटची ट्रॉली. अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून या पट्टीचे पैसे मी कोणाकडून घेत नाही.

चालवताना रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडा. वावरात वळण्यासाठी सुटे ठेवलेले पेडल डांबरीवर विसरले तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नको. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि ट्रॉल्या घडी घालतात. ताशी 20 किमीच्या वेगात गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक धरल्यावर थांबायला चौपट जागा लागते, म्हणून 15 ते 20 च्या वर जाऊ नका. वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापते. पांदणीच्या तोंडाशी विजेचा खांब किंवा कल्व्हर्टचा कठडा असेल तर आधी उतरून पाहा.

रिव्हर्स विसरा. दोन जोड असले की मागे घेणं सराईतालाही जमत नाही. म्हणून जिनिंगचं गेट, वजनकाटा, वळायची जागा आदल्या दिवशी पाहून या. जमत नसेल तर मागची ट्रॉली बाहेर सोडून एकेक आत न्या. शहरात जड वाहनांच्या वेळा बदलत राहतात, कळमन्याच्या बाजाराला निघण्याआधी वाहतूक पोलिसांकडे विचारा. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टर नेता येत नाही.

सोडताना आधी मागच्या ट्रॉलीच्या चारही चाकांना दगड लावा, दांडीखाली टेकू द्या, ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात टाका आणि मगच पिन काढा. इंजिन चालू असताना पोराला दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पाठवू नका. तिथे ड्रायव्हरला तो दिसत नाही.