रिस्टोर करायला जुनी छोटी गाडी घेताय? आधी पत्रा बघा, मग किंमत बोला

जुनी मिनी, बीटल किंवा फियाट ५०० कुठे ताडपत्रीखाली उभी दिसली की जीव अडकतोच, माझा तर अजूनही अडकतो. पण अशा गाडीत खरा पैसा इंजिनात जात नाही, पत्र्यात जातो. माझी पहिली मिनी लालभडक, चकचकीत होती, पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं आणि मी तिथेच होकार दिला. नंतर दाराखालचा रंग खरवडला तर बोटभर जाडीची पुट्टी, म्हणजे रंगाआधी खड्डे भरायचा लेप, निघाली, पुट्टीच्या मागे कागदाचे बोळे कोंबलेले आणि त्याच्या मागे काहीच नाही, पत्राच नव्हता. गाडी उभी होती ती पुट्टीच्या भरवशावर. म्हणून खाली लिहितोय ते सगळं याच क्रमाने करा, क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी मॉडेल ठरवा, गाडी नंतर शोधा. मिनी १९५९ ते २००० अशी ४१ वर्षं बनत होती, ५० लाखांच्या वर गाड्या निघाल्या, बीटल तर दोन कोटींच्या वर, त्यामुळे या दोघींचे पार्ट आजही नवे बनतात, मिनीचा अख्खा सांगाडासुद्धा नवा मिळतो. फियाट ५०० चं, म्हणजे १९५७ ते १९७५ वाल्या जुन्या गाडीचं, इंजिन दोन सिलिंडरचं एअर कूल्ड, रेडिएटरच नाही, त्यामुळे नवशिक्यालाही समजतं. याउलट कमी बनलेलं एखादं मॉडेल दिसायला गोड असतं, पण त्याची मागच्या दिव्याची एक काच शोधण्यात वर्ष जातं. पहिल्यांदाच करत असाल तर जिचे पार्ट मिळतात तीच घ्या, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

आता गाडी बघायला जायचं ते दिवसाउजेडी, आणि गाडी कोरडी पाहिजे. ओल्या गाडीचा रंग सगळाच छान दिसतो. सोबत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, एक स्क्रू ड्रायव्हर, खाली झोपायला जुनी चादर आणि वही. टोचून बघण्याआधी मालकाला विचारा, गाडी अजून त्याची आहे.

मिनीला वेगळी चासी नसते, पुढे एक आणि मागे एक अशी सबफ्रेम, म्हणजे बोल्टने बसवलेली छोटी लोखंडी चौकट, असते आणि बाकी सगळा भार बॉडीचा पत्राच उचलतो. म्हणून दाराखालची ती लांब पट्टी, जिला सिल म्हणतात, तिच्यापासून सुरुवात करा. चुंबक हळूहळू सरकवत न्या, पत्रा असेल तिथे ते ओढलं जातं, पुट्टी लागली की एकदम हात हलका होतो, तो फरक बोटांना लगेच कळतो. सिल नेहमीपेक्षा रुंद वाटली तर समजा की जुनी कुजलेली पट्टी न काढता तिच्यावरच नवी चढवलीय आणि आत गंज मजेत वाढतोय. मग आत बसून कार्पेट उचला, कुबट वास आला, खालचं अस्तर ओलं लागलं की कडेकडेने स्क्रू ड्रायव्हर दाबत जा. चांगला पत्रा टणकन उत्तर देतो. कुजलेला खचकन आवाज करतो आणि टोक आरपार जातं.

त्यानंतर डिकी. मिनीची बॅटरी डिकीच्या तळाला एका खोक्यात असते, तिथे ॲसिड आणि पाणी साठून तळ गळालेला असतो. मागची सबफ्रेम कुजली असेल तर फार घाबरू नका, ती बोल्ट काढून बदलता येते, पण ती जिथे बॉडीला बसते तो पत्राच गेला असेल तर काम मोठं आहे. समोरच्या काचेखालची जोडपट्टी, हेडलाइटच्या मागची वाटी, पुढचे मडगार्ड, सगळीकडे बोट फिरवा, फोड आलेत का बघा. बीटलला दाराखालून जाणारी हीटरची नळी आणि मागच्या सीटखाली बॅटरी असते तिथला फ्लोअर, या दोन जागा आधी.

शेवटी दार उघडून वर उचलून बघा. हललं तर बिजागरी झिजलीय किंवा ती धरणारा खांब कुजलाय. दार बंद केल्यावर भोवतीची फट वर निमुळती आणि खाली रुंद दिसली तर बॉडी मधून बसलीय, तिथे मी तरी परत फिरतो.

इंजिनाचं थोडक्यात. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, म्हणजे ऑइल जळतंय, तर बहुतेक पिस्टनवरच्या रिंग झिजल्यात, पाय काढल्यावर आला तर व्हॉल्व्ह ज्यात सरकतात त्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह गाइड. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असतं, मालक काढू देत असेल तर बघा, बारीक काळी भुकटी चालेल, धातूचे कण असतील तर गिअरबॉक्स खोलावा लागणार. १९६८ च्या आधीच्या मिनीत पहिला गिअर किरकिर करतो तो दोष नाही, त्याला सिंक्रो, म्हणजे गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेली कडी, नव्हताच. बंद पडलेलं इंजिनही मला चालतं, फक्त ते जागेवर असलं पाहिजे. कारण सुट्या झालेल्या आणि खोक्यांत भरलेल्या गाडीत काय हरवलंय हे मालकालाही माहीत नसतं, अशी गाडी बरीच स्वस्त मिळाली तरच घ्या.

मग कागद. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून कागदाशी जुळवा, दुसऱ्या कुणावर सोडू नका. मिनी कूपर, म्हणजे मिनीचंच जास्त वेगवान मॉडेल, म्हणून सांगितली तर दुप्पट सावध, कारण साध्या मिनीला दोन कार्बोरेटर आणि बिल्ले लावून कूपर बनवलेल्या गाड्या खूप आहेत आणि किमतीत प्रचंड फरक पडतो.

आता किंमत, आणि इथे बहुतेक लोक उलटं करतात. मालकाने सांगितलेल्या आकड्यावरून घासाघीस सुरू करतात. हिशोब शेवटाकडून मागे यायचा. तेच मॉडेल, तेच वर्ष, व्यवस्थित तयार गाडी खरोखर कितीला विकली गेली ते शोधा, जाहिरातीतला आकडा नको. समजा ती १०० ला गेली. पत्रा-वेल्डिंग ३०, रंग २०, इंजिन-गिअरबॉक्स १५, ब्रेक-सस्पेन्शन-टायर १०, वायरिंग आणि आतलं सामान १०, झाले ८५. त्यावर न दिसलेल्या कामासाठी पाव भाग धरा, म्हणजे साधारण २१. एकूण १०६. म्हणजे ही गाडी फुकट मिळाली तरी पदरचे ६ जातात. तीच गाडी घ्यायची, पण वेल्डिंग आणि मेकॅनिकचं काम स्वतः करणार असाल तर ८५ चे ४८ होतील, वर पाव भाग धरून ६०, मग हातात ४० उरतात. ते ४० ही तुमची वरची मर्यादा, सुरुवात त्याच्या बरीच खालून करायची. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, पण पद्धत हीच. क्रोम, काचा, मीटर, बंपर यातलं काय नाहीये ते वेगळं लिहा, हे किरकोळ वाटणारं सामान एकेक करून घ्यायला गेलं की रंगाएवढा खर्च होतो.

बोलणी करताना गाडीला नावं ठेवू नका, त्या माणसाने ती वीस वर्षं सांभाळलेली असते. वहीतली यादी त्याच्यासमोर ठेवा, फोटो दाखवा, प्रत्येक कामाचा अंदाज सांगा आणि आपला आकडा एकदाच बोला. नाही म्हणाला तर नंबर देऊन या, मला एक गाडी तशीच चार महिन्यांनी फोन येऊन मिळाली.

घरी आणायची ती ट्रेलरवर, चालवत नाही, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक कधीही दगा देतात. आणल्यावर लगेच सगळं खोलायला बसू नका. आधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, प्रत्येक वायरला चिठ्ठी, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून. आणि सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून घ्या, एका वेळी एकच बाजू कापा, नाहीतर बॉडी पिळवटते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत.