माडीवर व्हिनाइल घालण्याआधी प्लायची तयारी

गोव्यात माडीची किंवा दुकानाच्या माळ्याची जमीन नवी करायची आठवण बहुधा चवथीच्या तोंडावर होते. पण चवथ येते भाद्रपदात, हवा ओलीचिंब असताना. माझा आग्रह आहे की प्लायवर व्हिनाइल, म्हणजे जमिनीवर घालायचे प्लास्टिकचे आवरण, घालायचे असेल तर काम दिवाळी उलटल्यावरच काढा. व्हिनाइलमधून ओल वर निघत नाही. खाली कोंडलेली ओल प्लायचे थर सोडवते, चिकटवलेले उचलते आणि बुरशी आणते. चवथीला चटया अंथरून भागवता येते.

सुरुवात छपरापासून करा. फुटलेले कौल, गळणारा सांधा आधी दुरुस्त करून घ्या. मग खालच्या तुळया तपासा. पाण्याचा काळा डाग दिसेल तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. धड लाकूड अडवते, कुजलेल्यात टोक सहज शिरते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवरून तुळईकडे मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवीची वाट आहे. उपचार करून, पोखरलेला भाग बदलूनच पुढे जा, कारण एकदा झाकले की ते कुणाला दिसणार नाही. तळमजल्यावर, जमिनीला लागून प्लाय टाकायचा विचार असेल तर तो मी सोडूनच द्यायला सांगेन. तिथे खालून ओल येत राहते.

प्लाय मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. कमर्शियल प्लाय स्वस्त पडतो, पण आपल्या हवेत त्यावर भरवसा ठेवू नये. जाडी १८ मिलिमीटर, आणि तुळयांमधले अंतर १६ इंचांपेक्षा जास्त असेल तर मध्ये आडवे आधार द्या, नाहीतर पायाखाली प्लाय लवतो. शीट आणल्या की त्याच खोलीत, मध्ये रिपा ठेवून, दोन-तीन दिवस पडू द्या. ओल मोजायचे यंत्र सुताराकडे नसेल तर कुणाकडून मागून आणा. प्लाय किंवा तुळई, कशातही १२ टक्क्यांच्या वर ओल दिसली तर थांबा. व्हिनाइलच्या खोक्यावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

बसवताना शीटची लांबी तुळयांना आडवी ठेवा आणि चार कोपरे एका जागी येऊ देऊ नका. दोन शीटमध्ये ३ मिलिमीटर फट आणि भिंतीपासून १० मिलिमीटर. चिरा ओल ओढतो, म्हणून प्लाय त्याला टेकू देऊ नका. खिळे नकोत, स्क्रूच हवेत. खिळा पुढे वर येतो आणि व्हिनाइलला टेंगूळ आणतो. कडेने दर ६ इंचांवर आणि मध्ये तुळईवर दर १२ इंचांवर स्क्रू, डोके किंचित आत. मग सगळ्या खोलीभर चालून पाहा आणि करकर ऐकू येईल तिथे आणखी एक स्क्रू मारा.

सगळ्यात जास्त वेळ सांध्यांना द्या. व्हिनाइल दोन-तीन मिलिमीटरचे असते आणि खालचा प्रत्येक उंचवटा काही महिन्यांत वर उमटतो. संध्याकाळी दिवे घालवून टॉर्च जमिनीला लावून आडवा धरा. एका शीटची कड दुसरीपेक्षा वर असेल तर तिची सावली पडते. तिथे तळहात फिरवा. डोळ्यांना जे कळत नाही ते बोटांना कळते. वर आलेली कड रंध्याने किंवा सँडिंग मशीनने उतरवा. फटी आणि स्क्रूचे खड्डे जमिनीसाठीच्या पॅचिंग कंपाउंडने भरा. भिंतीची पुट्टी किंवा पीओपी चालणार नाही, पायाखाली ती भुगा होते. वाळल्यावर घासा आणि सहा फुटी सरळ पट्टी टेकवून पाहा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये.

सुताराला मापे पेन्सिलीनेच मारायला सांगा. मार्कर किंवा बॉलपेनची शाई कालांतराने व्हिनाइलमधून वर येते आणि मग निघत नाही. तेलाचे डाग असलेला तुकडा वापरूच नका.

शेवटी दारे. जमीन जवळजवळ २० मिलिमीटर वर आली आहे, म्हणून दाराच्या फळ्या खालून कापून आधीच बसवून पाहा. मग झाडू आणि व्हॅक्यूम, ओले फडके नाही. व्हिनाइलचे रोल ४८ तास आधी खोलीत आणून ठेवा, खिडकीच्या उन्हापासून दूर.