टोमॅटो पिकण्याची जनुकं अभ्यासताय? या चुका टाळा

दर हंगामात नवी मुलं येतात आणि गेल्या वर्षीच्याच चुका करतात. म्हणून एकदा लिहूनच ठेवतोय.

मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे उन्हाळ्यातल्या फळाचा रंग बघून म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेलं रोप, ठरवणं. एका एप्रिलमध्ये आमचा एक विद्यार्थी धावत आला. शेडनेटमधल्या एका ओळीतली फळं पिवळट नारिंगी, लाल एकही नाही. नवा म्युटंट मिळाला म्हणून त्याने पानं खुडली, डीएनए काढला, सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचायला, पाठवूनही दिला. दोन महिने त्यात गेले. शेवटी मी ओळीत जाऊन बसलो आणि पानं बाजूला केली. आत, मातीजवळच्या सावलीत दोन फळं चांगली लालसर झाली होती. फळ ३० अंशांच्या वर तापत राहिलं की लायकोपीन हे लाल रंगद्रव्य बनणं अडतं, बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य मात्र बनत राहतं. म्हणून रंग नारिंगीवर थांबतो. त्याच ओळीचं बी थंडीत लावलं, तर फळं लालभडक आली.

तेव्हापासून माझा थर्मामीटर फळांच्या उंचीवर टांगलेला असतो, दाराशी नाही. रंगाबद्दल शंका आली तर नुकतीच रंग धरू लागलेली फळं तोडून २० ते २२ अंशांच्या खोलीत आठवडाभर ठेवतो. लाल झाली, तर म्युटंटचा विषय संपला.

दुसरी चूक वाचनातली आहे. रिन म्युटंट म्हणजे ज्याची फळं पिकून लाल होतच नाहीत असा टोमॅटो. ‘रिन म्युटंट म्हणजे रिन जनुक बंद’ असं मुलं बिनधास्त लिहितात. हे जनुक २००२ मध्ये ओळखलं गेलं आणि पिकण्याची मुख्य कळ तीच, असं सगळ्यांच्या मनात बसलं. प्रत्यक्षात रिन म्युटंटमध्ये डीएनएचा एक तुकडा गळालाय. त्यामुळे रिन आणि शेजारचं एमसी (निदलांचा आकार ठरवणारं जनुक) अशी दोन जनुकं एकमेकांना चिकटली आणि त्यातून एक जोड प्रथिन तयार होतं. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राने, रिन खरोखर मोडून बघितलं. तरीही फळं पिकायला लागली, फक्त पूर्ण लाल झाली नाहीत. म्हणजे फळ हिरवट-पिवळं अडकवून ठेवतं ते हे जोड प्रथिन. जुना शोधनिबंध वाचून थांबणाऱ्यांना ही गोष्ट कळतच नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

एमसी बिघडल्याची खूण फुलातच दिसते. आई-बाप दोघांकडून रिनची बिघडलेली प्रत मिळालेल्या रोपाची निदलं (फुलाखालची हिरवी दलं) लांब आणि पानांसारखी रुंद असतात. एफ-२ पिढीत, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत, कुठलं रोप कुठलं हे ओळखायला फळं पिकेपर्यंत थांबू नका. फुलं आली की ओळीतून फिरा आणि रोपांना दोरा बांधा.

‘सीएनआर’ या न पिकणाऱ्या दुसऱ्या म्युटंटमध्ये डीएनएचं अक्षर बदललेलं शोधत बसू नका. तिथे जनुक सुरू होण्याआधीच्या डीएनएवर मेथिल गट (अक्षर न बदलता डीएनएला चिकटणाऱ्या रासायनिक खुणा) चढलेत, नुसता सिक्वेन्स वाचून ते दिसत नाही.

‘नेव्हर-राइप’ या म्युटंटवर इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडून फळ पिकेल अशी आशा नको, इथिलीन ओळखणारं त्याचं ग्राहक प्रथिनच बिघडलेलं आहे.

पिकणारी आणि हिरवी फळं एका क्रेटमध्ये ठेवू नका. पिकणाऱ्या फळांच्या इथिलीनचा परिणाम सगळ्यांवर होतो आणि तुमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली फळं, वाया जातो.

नमुने कॅलेंडर बघून तोडणं हा आळस आहे. थंडी-उन्हाने फळाचे दिवस सहज पुढे-मागे होतात. फूल उमललं त्या दिवशी देठाला चिठ्ठी बांधा, आणि फळाने रंग धरला त्या दिवसापासून पुढचे दिवस मोजा. रोज सकाळी ओळीत जावं लागतं, त्याला पर्याय नाही.

संकरासाठी पुंकेसर काढताना घाई करणारे हमखास उमललेलं फूल धरतात. तोवर परागण होऊन गेलेलं असतं. पाकळ्या फिकट पिवळ्या पण अजून मिटलेल्या, अशी कळी निवडा. चिमट्याने पुंकेसरांची नळी बाजूने उघडून अलगद ओढा. नळी गडद पिवळी दिसली तर ती कळी सोडा आणि शेजारची घ्या.