डॅशबोर्डवरचा फुगा बसवायचा तर

गाडीच्या डॅशबोर्डच्या कातडीवर फुगा, म्हणजे उठलेला उंचवटा, दिसला की लोक आधी गोंद विचारतात. त्याआधी बोटाने दाबून बघा, कारण वरून सारखे दिसणारे फुगे आतून वेगवेगळे असतात आणि निम्मं काम इथेच ठरतं.

मऊ डॅशबोर्डमध्ये तीन थर असतात: खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा (पीयू) फोम आणि वर साधारण एक मिमी जाडीची, चामड्यासारखा दाणा असलेली पीव्हीसी किंवा तत्सम कातडी. पीव्हीसी मऊ राहावी म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हात ते हळूहळू उडतं. समोरच्या काचेवर आतून धुरकट तवंग बसतो, त्यात त्याचाही वाटा असतो. मग कातडी आकसते, कडक होते आणि फोमपासून सुटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे सुरुवात बहुधा काचेच्या पायथ्याशी किंवा एसीच्या जाळीजवळ होते.

दाबल्यावर कातडी खाली टेकली आणि सोडल्यावर परत वर आली, तर फक्त पकड सुटली आहे. हा फुगा बसतो. दाबताना आत रवाळ, कुरकुरीत लागलं तर फोमचा भुगा झालाय. वरून कितीही गोंद सोडला तरी तो भुग्यालाच चिकटेल. मुळीच न दबणारा टणक उंचवटा असेल तर फोम किंवा सांगाडाच वाकलेला असतो, तिथे गोंदाचं काम नाही. आणि काचेच्या कडेला ओलसर, कुबट वास येणारा फुगा असेल तर काचेच्या सीलमधून पाणी शिरतंय का ते आधी पाहा. बाहेरून काचेच्या वरच्या कडेवर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडलं की कळतं. गळती बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बऱ्याच छोट्या गाड्यांचा डॅशबोर्ड मुळात कडक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्यावर फुगा आला असेल तर तो नंतर चिकटवलेल्या फिल्मचा किंवा रंगाचा; तो सोलून काढायचा, खालचं प्लास्टिक बहुतेकदा ठीक असतं.

आता एअरबॅग. डाव्या बाजूला ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं असतात. त्याच्या आसपासची कातडी आतून बारीक चिरलेली असते, म्हणजे बॅग तिथूनच फाडून बाहेर येईल. वरून ही रेघ बऱ्याच गाड्यांत दिसत नाही. या भागात गोंद, फिलर, नवं रेक्झिन यांतलं काहीही नको. बॅग अडली किंवा कडक झालेला तुकडा उडाला तर तो थेट तोंडावर. या जागेवरचा फुगा सहन करा, नाहीतर तो भाग कंपनीचाच नवा बसवून घ्या.

दुरुस्ती सावलीत करा. पावसाळी दमट हवाही टाळा: गोंदातलं सॉल्व्हंट (त्याला पातळ ठेवणारं द्रव्य) उडताना गोंदाचा थर गार पडतो, त्यावर दव धरतं आणि पकड जाते. फुग्याभोवती हातभर जागा भांड्याच्या साबणाने दोनदा पुसून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पण ते आधी कोपऱ्यात लावून रंग सुटतो का बघून. पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर पुढे रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

तीन सेंमीपर्यंतच्या फुग्याला सिरिंज चालते. बारीक सुईतून गोंद येत नाही, 16 किंवा 18 गेजची घ्या. फुग्याच्या कडेला, दाण्याच्या खोबणीत एक भोक आणि बरोबर समोर हवा निघायला दुसरं. गोंद दोन भागांचा, लवचिक इपॉक्सी असावा. तो दोन भाग मिसळल्यामुळे आवळतो, म्हणजे घट्ट होतो, हवा लागत नाही. पाच मिनिटांत आवळणारा घेऊ नका. तो ठिसूळ होतो आणि उन्हात सैल पडतो. फेविक्विकसारखे गोंद काचेसारखे कडक होतात, भोवती पांढरी बुरशीसारखी छटा सोडतात. फसफसून वाढणारा पीयू गोंद तर नवा फुगाच तयार करतो. अर्धा मिली पुरतो. जास्त ओतलात तर आत गोटी बसते आणि ती कायम हाताला लागते.

हेअर ड्रायर दहा-पंधरा सेंमीवरून फिरवत कातडी कोमट करा. हाताला सोसवेल इतकीच. हीट गनने दाणा वितळून गुळगुळीत चट्टा पडतो, तो परत येत नाही. मग गोंद सोडा, भोकाकडे बोटाने सारत हवा काढा, बाहेर आलेला लगेच पुसा. वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक आणि त्यावर बारीक वाळूची किलोभराची कापडी पिशवी. लाकडाच्या सपाट ठोकळ्यापेक्षा वाळू बरी, कारण ती वळणावर नीट बसते. चोवीस तास हलवायचं नाही.

मोठ्या फुग्याला कॉन्टॅक्ट गोंद लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकल्यावर दाबायचा; तो सिरिंजने सोडू नका. बंद कातडीखाली त्याचं सॉल्व्हंट कोंडतं आणि फोम खातं. एखाद्या शिवणीच्या किंवा घडीच्या रेषेत धारदार ब्लेडने चीर द्या, कातडी उघडा, जुना गोंद आणि भुगा खरवडून काढा. फोम खचला असेल तर त्याच जाडीचा पीयू फोमचा तुकडा कापून बसवा. गोंद चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानात मिळणारा, पीव्हीसी सोलसाठीचा पीयू घ्या. नेहमीचा पिवळा रबरी गोंद लगेच धरतो, पण पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य त्याला महिन्या-दोन महिन्यांत मऊ करतं, आणि ‘चिकटवलं तरी पुन्हा उठलं’ ही तक्रार बहुतेक इथूनच येते. दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला तार येईनाशी झाली की ड्रायरने कोमट करून मधून कडेकडे दाबत जा. दारं उघडी ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको.

बसवताना सुरकुती पडली तर कातडी ताणून जास्त झालेली आहे. जबरदस्तीने दाबू नका. चिरेच्या कडेने दोन-तीन मिमी रुंद, टोकांना निमुळती पट्टी कापून टाका. कडा एकमेकींना फक्त टेकल्या पाहिजेत. अर्धा मिमी कमी कापलेलं परवडतं, जास्त कापलेलं फिलरने लपवावं लागतं.

चीर भरायला लवचिक प्लास्टिक फिलर वापरा. गाडीच्या पत्र्याची पुट्टी पहिल्या उन्हाळ्यात तडकते. पातळ दोन थर, आधी 240 चा, मग 400 चा पॉलिश पेपर. दाण्यासाठी डॅशबोर्डच्या दुसऱ्या चांगल्या भागावर दोन भागांची सिलिकॉन पुट्टी दाबून ठसा घ्या. शेवटचा थर अर्धवट आवळला असताना तो ठसा त्यावर दाबा. रंग व्हिनाइलचाच, वीसेक सेंमीवरून तीन हलके हात, मध्ये दहा मिनिटं. फक्त डागापुरता मारला तर चकाकीतला फरक उन्हात लगेच दिसतो, म्हणून जवळच्या सांध्यापर्यंतचा पूर्ण भाग रंगवा, एअरबॅगची जागा टेपने झाकून.

तीन-चार ठिकाणी फुगे असतील तर एकेक बसवण्यात अर्थ नाही. आकसलेली कातडी पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे उठेल. तिथे वरून बसणारं मोल्डेड कव्हर, तेही एअरबॅगची जागा मोकळी सोडणारं, किंवा भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा चांगला डॅशबोर्ड. डॅशबोर्ड उतरवायचा असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावू नका.