छोट्या कुत्र्याचं लिव्हर बिघडलंय? या चुका टाळा

आमची साडेतीन किलोची कुत्री जेवल्यावर तासाभरात भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पोट भरलं की बाईसाहेबांना गुंगी येते, असं म्हणून आम्ही हसायचो. ती गुंगी म्हणजे रक्तात चढलेला अमोनिया होता, हे कळेपर्यंत दोन महिने गेले.

प्रथिनं पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. एरवी यकृत त्याचा बंदोबस्त करतं. यकृतच थकलं, किंवा रक्त त्याला वळसा घालून पुढे निघालं, की तो मेंदूपर्यंत पोचतो. मग शून्यात बघत बसणं, गोल गोल फिरणं, लाळ गळणं, भिंतीला डोकं टेकवणं, कधी फिटही. वळसा घालणारी अशी रक्तवाहिनी, म्हणजे शंट, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, शिह त्झू या जातींत जन्मतः असू शकते. म्हणून त्रास किती वाजता होतो आणि त्याआधी काय खाल्लं होतं, हे लिहून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओही काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर तेच कुत्रं ठणठणीत दिसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र जेवणातली. लिव्हरवर ताण नको म्हणून अंडं, मांस, दूधदुभतं सगळं तोडून नुसत्या मऊ भातावर ठेवायचं! मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणं नसतील, तर सरसकट प्रथिनं तोडायची गरज नसते. उलट प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, आणि अमोनिया निस्तरण्यात स्नायूंचाही वाटा असतो. म्हणजे ज्याला घाबरून मांस बंद केलं, तोच वाढतो. मेंदूची लक्षणं असतील तेव्हासुद्धा प्रथिनं बंद करत नाहीत. प्रमाण बेतून देतात आणि प्रकार बदलतात. लाल मांसापेक्षा अंडं, दुधाचे पदार्थ, सोया अशा कुत्र्यांना जास्त मानवतात. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसभर स्वस्थ पडून राहायलाच साधारण १६० कॅलरी लागतात. अशा जिवासाठी बिस्किटाचा तुकडा म्हणजे एक नाश्ताच.

लिव्हर सुधारावं म्हणून कलेजी खाऊ घालण्याचा सल्लाही हमखास मिळतो. तो ऐकू नका. कलेजीत तांबं भरपूर असतं आणि काही कुत्र्यांत यकृतात साठणारं तांबं हेच मूळ दुखणं असतं.

खाणं बदललं म्हणून उपाशी ठेवणंही नको. लहान जातींच्या शरीरात साखरेचा साठा मुळात थोडा, त्यात आजारी यकृत तो नीट सांभाळत नाही. दिवसाचे दोन वाडगे चार-पाच छोट्या वेळांत वाटा, शेवटचा घास झोपण्याआधी.

औषधांतला गोंधळ बहुतेक वेळा वेळेचा असतो. एसएएमई नावाची, यकृताच्या पेशींना आधार देणारी गोळी रिकाम्या पोटी आणि अख्खी द्यायची असते. छोट्या तोंडासाठी ती मोडलीत तर वरचं आवरण जातं आणि औषध पोटातल्या आम्लात वाया जातं; कमी ताकदीची गोळी मिळते का ते विचारा. पित्त वाहतं ठेवणारं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड मात्र खाण्याबरोबर.

लॅक्ट्युलोजच्या बाबतीत लोक दोन्ही टोकं गाठतात. या सिरपमुळे आतड्यातला अमोनिया तिथेच अडकतो आणि शीबरोबर बाहेर पडतो. मात्रा बरोबर आहे हे बाटलीवरून कळत नाही, शी बघून कळतं: दिवसाला दोन-तीनदा, मऊ, पण पातळ पाणी नको. जुलाब झाले तर शरीर कोरडं पडून तोच त्रास उलटतो, त्यामुळे त्याच दिवशी फोन करून मात्रा कमी करून घ्या. बद्धकोष्ठही तितकंच वाईट. मोजायला चमचा नको, सुई काढलेली सिरिंज वापरा.

आता रिपोर्ट. एएलटी, म्हणजे यकृताच्या पेशींतून रक्तात गळणारं एन्झाइम, कमी झालं म्हणून परस्पर औषध थांबवू नका. यकृत फार झिजलं की गळायला पेशीच उरत नाहीत, आणि आकडा नॉर्मल दिसतो. एएलपी हे दुसरं एन्झाइम तर स्टेरॉइडने किंवा फिटवरच्या फिनोबार्बिटल या औषधानेही वाढतं, म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. लिव्हर खरंच काम करतंय का, हे अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (यकृत बाहेर टाकतं ते पिवळं द्रव्य) आणि जेवणाआधी-जेवणानंतर केलेली बाइल ॲसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची, तपासणी जास्त नीट सांगते.

वजनकाटाही फसवतो. पोटात पाणी साठलं की वजन वाढतं, आणि आपण खूश होतो. पाठीवरून हात फिरवा. मणके टोचत असतील आणि पोट मात्र ढोलासारखं असेल, तर ती तब्येत सुधारलेली नाही.

आपल्यासाठीची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा लिव्हर टॉनिक मनाने देऊ नका. झायलिटॉल असलेलं च्युइंगम आणि बिनसाखरेच्या गोड वस्तू घरात उंचावर ठेवा. त्याने साखर धाडकन उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं.

डांबरासारखी काळी शी, पिवळे पडलेले डोळे किंवा हिरड्या, फिट, हाक मारूनही ओ न देणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. शुद्धीत आहे पण अंग ढिलं पडलंय, थरथरतंय, असं असेल तर निघताना बोटावर थोडं ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल.