स्टोमाची पिशवी आणि विमानप्रवास: ठाणे-नवी मुंबईतून निघताना

स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं तोंड; त्यातून मल किंवा लघवी बाहेर लावलेल्या पिशवीत येते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बहुतेक स्टोमाधारकांना एकच धास्ती असते: वर गेल्यावर पिशवी फुगून फुटेल का? फुटत नाही. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. विमानातला दाब तिथल्यापेक्षा आणखी थोडा कमी, एवढाच फरक. त्या दाबाला पोटातला आणि पिशवीतला वायू फार तर एक तृतीयांशाने वाढतो. पिशवी रिकामी करून चढलात तर तिच्यात त्यासाठी भरपूर जागा असते. सहल खरी बिघडते ती सामान हाताशी नसल्यामुळे आणि अंगातलं पाणी-मीठ कमी झाल्यामुळे. म्हणून तयारीतला मोठा वेळ या दोन गोष्टींना द्या.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी सर्जनला विचारा. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या १० दिवसांत प्रवास करायचा असेल तर विमान कंपन्या सहसा वैद्यकीय फॉर्म भरून मागतात, कारण आतड्यात अडकलेला वायू वाढून टाक्यांवर ताण येऊ शकतो. सुट्टीसाठी जायचं असेल तर एवढी घाई करूच नका. स्टोमाचा आकार पहिले सहा ते आठ आठवडे आक्रसत असतो, त्यामुळे प्लेटचं (त्वचेला चिकटणारा, पिशवी जिच्यावर बसते तो भाग) भोकही बदलत राहतं. तो स्थिरावला की जा. त्याआधी लोणावळा किंवा अलिबागला एक रात्र राहून या. परक्या बाथरूममध्ये प्लेट बदलायचा सराव तिथेच होतो.

सामान किती आणि कुठे

रोज लागतं त्याच्या दुप्पट घ्या. सात दिवसांची सहल आहे आणि प्लेट तीन दिवसांनी बदलता, तर तीन प्लेट लागतील. सहा घ्या, वर दोन जादा. कोलोस्टॉमीच्या (मोठ्या आतड्याच्या स्टोमाच्या) बंद पिशव्या दिवसाला दोन लागत असतील तर चौदाच्या जागी अठ्ठावीस. हे जास्त वाटेल, पण उन्हात आणि घामात प्लेटचा गोंद लवकर मऊ पडतो आणि घरी चार दिवस टिकणारी प्लेट दुबईत किंवा मे महिन्यात कोकणात दोनच दिवस टिकते. शिवाय तुमच्या मापाची पिशवी परगावी मिळेलच असं नाही.

हे सगळं केबिन बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत टाकलेलं सामान दुसऱ्या शहरात पोचलं तर संध्याकाळपर्यंत हातात एकही पिशवी नसेल. सोबत कोणी असेल तर निम्मं त्यांच्या केबिन बॅगेत द्या. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते. पिशव्या हलक्या असतात, त्यामुळे कपडे खाली पाठवा आणि हे वर ठेवा.

कात्री केबिनमध्ये नेऊ नका, सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाण्याची शक्यता मोठी. सगळ्या प्लेट घरीच कापून ठेवा. भोक स्टोमाच्या कडेपेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. त्याहून मोठं झालं तर उघड्या त्वचेवर मल लागून ती सोलवटते, लहान झालं तर स्टोमाला काचतं. स्टोमा पूर्ण गोल नसेल तर कापलेल्या प्लेटवर वरची बाजू कुठली, याची पेनने खूण करा. मापाचा कागद आणि कात्री चेक-इनच्या बॅगेत असू द्या.

पेस्ट आणि गोंद काढायचं द्रव १०० मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानाला अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवाव्या लागतात. दाबाचा स्प्रे नेण्यापेक्षा गोंद काढायचे ओले वाइप्स बरे, त्यांवर प्रश्न येत नाहीत.

खोक्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा: कंपनी, उत्पादनाचा क्रमांक, फ्लँजचं (पिशवी प्लेटवर बसते त्या कड्याचं) माप. परगावच्या दुकानात नुसतं 'मोठी पिशवी द्या' म्हणून भागत नाही. एका कंपनीची पिशवी दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर बसत नाही.

याशिवाय एक लहान पाऊच वेगळा करा, जो विमानाच्या टॉयलेटमध्ये एका हातात धरून नेता येईल. त्यात कापलेली एक प्लेट, दोन पिशव्या, चार-पाच कोरडे वाइप्स, कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या, कपड्याचे दोन चिमटे आणि पिळून पाणी मारता येईल अशी छोटी रिकामी बाटली. चिमटे कुर्ता किंवा शर्ट वर अडकवून ठेवायला. बाटलीचा उपयोग पुढे येतो आहे.

कागदपत्रं

डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या: स्टोमा कुठल्या प्रकारचा, सोबतचं सामान वैद्यकीय असून ते जवळ असणं गरजेचं आहे, आणि कोणती औषधं चालू आहेत. औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावांनी लिहून घ्या. आउटपुट (स्टोमातून बाहेर पडणारा मल) कमी करायला कोडीन दिलेलं असेल आणि जाणार असाल संयुक्त अरब अमिरातीत, तर तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी लागते. चिठ्ठी असूनही नुसतं घेऊन जाऊ नका. लोपेरामाइडला (जुलाब थांबवायच्या औषधाला) ही अडचण नाही. प्रवास विमा काढताना स्टोमा आणि त्यामागचा आजार दोन्ही लिहा. ते लपवलं तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

निघायचा दिवस

प्लेट आदल्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी बदला. तेव्हा स्टोमा शांत असतो. गोंद अंगाच्या उबेने हळूहळू पकड घेतो, आणि गळती व्हायचीच असेल तर ती घरी असताना कळते. निघायच्या तासभर आधी घाईत लावलेली प्लेट गाडीत सुटते. लावताना ती आधी तळहातांत एक-दोन मिनिटं गरम करा आणि लावल्यावर हात तेवढाच वेळ दाबून धरा.

तिकिटावर विमानतळ कोणता, ते नीट बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. मुंबईला पुन्हा दोन टर्मिनल. चुकीच्या ठिकाणी पोचून परत फिरणं कोणालाही त्रासाचंच, आणि पिशवी भरत आलेली असताना तर फारच.

घोडबंदर रोड किंवा पूर्व द्रुतगती मार्गावर कोंडी झाली की गाडीतून उतरून टॉयलेट गाठणं अवघड होतं, पावसाळ्यात तर आणखीच. म्हणून 'भरली की रिकामी करू' हे धोरण इथे चालत नाही. घरून निघताना रिकामी करा. ठाण्याहून मुंबईला जाताना महामार्गाला लागण्याआधी कोरम मॉल आहे. नेरूळ-सीवूड्सकडून निघताना सीवूड्स स्टेशनवरचा मॉल आहे. एक तृतीयांश भरल्यासारखी वाटली तरी तिथे थांबा. गाडीचा पट्टा पोटावरून जातो तिथे स्टोमा दाबला जात असेल तर आडवा पट्टा खाली, मांडीच्या सांध्यावर आणा. पट्टा लावायचा टाळू नका.

विमानतळावर दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह वापरा. आत बेसिन, जागा, हँडल सगळं असतं, आणि तुमचा तो हक्क आहे. बाहेरून कोणाला काही दिसत नाही म्हणून संकोचू नका.

सुरक्षा तपासणीत धातुशोधक यंत्र पिशवीमुळे वाजत नाही, कारण तिच्यात धातू नसतो. जवानाच्या हाताला पोटावर काहीतरी लागतं आणि मग प्रश्न येतो. त्याआधीच सांगा: 'पोटाचं ऑपरेशन झालंय, इथे मेडिकल बॅग आहे.' सोबत पत्र दाखवा. पिशवी काढून दाखवावी लागत नाही. शंका उरलीच तर आडोशाला, आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी मागा. अमेरिकेत कधीकधी कपड्यावरून स्वतःच पिशवीवर हात फिरवायला सांगतात आणि त्या हाताची पट्टीने रासायनिक चाचणी घेतात; त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

विमानात

आसन कडेचं, टॉयलेटजवळचं. चढायच्या अगदी आधी पिशवी रिकामी करा. उतरण्याआधी सुमारे अर्धा तास पट्ट्याची खूण लागते आणि उठता येत नाही, म्हणून वैमानिक उतरायची सूचना देईल तेव्हाच पुन्हा जाऊन या. बॅग वरच्या कप्प्यात स्वतः उचलून ठेवू नका. स्टोमाशेजारी हर्निया होण्याचं ते एक कारण ठरू शकतं. कर्मचाऱ्यांना सांगा.

विमानाचं टॉयलेट हवेने ओढून घेतं, भांड्यात पाणी जवळपास नसतं आणि जेटही नसतो. त्यामुळे पिशवी उघडण्यापूर्वी भांड्यात टिश्यूचे दोन-तीन थर टाका. मल चिकटत नाही आणि शिंतोडेही उडत नाहीत. मग ती छोटी बाटली बेसिनच्या नळाखाली भरून पिशवीचं फक्त तोंड आतून-बाहेरून धुवा, पुसा, बंद करा. पूर्ण पिशवी धुवायच्या भानगडीत पडू नका. फिल्टर भिजला की तो वायू सोडत नाही आणि पिशवी खरोखर फुग्यासारखी होते. वापरलेली पिशवी किंवा वाइप भांड्यात टाकू नका, काळ्या पिशवीत गाठ मारून टॉयलेटच्या कचरापेटीत टाका.

वायूची काळजी असेल तर जेवणाची वेळ आवरा. इलिओस्टॉमीत (लहान आतड्याच्या स्टोमात) खाल्ल्यापासून साधारण दोन तासांत वायू येतो, कोलोस्टॉमीत सहा ते आठ तासांत. आदल्या जेवणात मटकीची उसळ, कोबी, फ्लॉवर आणि विमानात सोडा, बिअर टाळा. उपाशी मात्र राहू नका. रिकाम्या आतड्यात वायू कमी होत नाही, उलट वाढतो.

युरोस्टॉमी (लघवीचा स्टोमा) असणाऱ्यांनी पाणी तोडू नये. दाट लघवीने संसर्ग होतो. रात्रीच्या लांब विमानाला पायाला बांधायची पिशवी जोडा आणि जोडणारी नळी केबिन बॅगेतच ठेवा. नळी चेक-इनला गेली तर रात्रीची पिशवी जवळ असून उपयोग नाही.

पाणी आणि मीठ

हा भाग इलिओस्टॉमी असलेल्यांनी दोनदा वाचावा. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत शोषून घेतं. ते वापरात नसेल तर दोन्ही पिशवीत जातं. एरवी दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर जातं. १,५०० च्या वर गेलं तर ते धोक्याचं. अशा वेळी लोक बाटल्यांवर बाटल्या साधं पाणी पितात आणि आउटपुट आणखी वाढतं, कारण मीठ नसलेलं पाणी आतड्यात मीठ ओढून घेतं आणि ते मीठ पाण्यासकट बाहेर पडतं. तहान लागते, लघवी गडद होते, पायात गोळे येतात.

उपाय ओआरएस, तोही योग्य. पाकिटावर एका लिटरसाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम लिहिलेलं असावं. फळांच्या चवीच्या खोक्यांतल्या गोड पेयांत साखर फार असते आणि ती जुलाब वाढवते. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, तरी घेताना पाकीट वाचाच. एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यात चिमूटभर मीठ टाका. कोरडी पाकिटं दिवसाला दोनच्या हिशेबाने न्या.

आउटपुट घट्ट करायला मऊ भात, केळं, कुरमुरे. लोपेरामाइड डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जेवणाच्या अर्धा तास आधी. ताप किंवा रक्त असेल तर घेऊ नका. कोलोस्टॉमीला एनिमा पद्धतीने पाणी सोडत असाल तर नळाचं नको, उकळून कोमट केलेलं किंवा बाटलीबंद. पिण्यायोग्य नसलेलं पाणी आतड्यालाही योग्य नाही.

सुट्टीत

समुद्रात पोहता येतं. पाणी स्टोमात शिरत नाही, खाऱ्या पाण्याने काही बिघडत नाही. पिशवी रिकामी करा, फिल्टरवर सोबत आलेलं स्टिकर लावा, प्लेटच्या कडांना पाणी न शिरणारी टेप लावा, आणि नुकतीच बदललेली प्लेट असेल तर किमान एक तास थांबा. बाहेर आल्यावर स्टिकर काढा. वॉटरपार्कच्या उंच घसरगुंड्या मात्र टाळा. वेगाने आपटलेलं पाणी प्लेटची कड उचलतं. प्लेटचं खोकं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

कोकणात ओलं खोबरं, मक्याचं कणीस, काजू, संत्र्याची साल असलेली फोड हे इलिओस्टॉमीच्या तोंडाशी अडकू शकतं. थोडं घ्या आणि पूर्ण चावून घ्या. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसतं, ते रक्त समजून घाबरू नका.

हॉटेलात वापरलेली पिशवी रिकामी करून वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत. अंथरुणावर आपलं रबरी कापड पसरा, झोप शांत लागते.

इलिओस्टॉमीतून चार ते सहा तास काहीच आलं नाही आणि सोबत पोटात कळा, फुगणं किंवा उलट्या असतील, किंवा स्टोमा गडद जांभळा-काळा दिसला, तर लगेच रुग्णालयात जा. तिथे स्टोमा इलिओस्टॉमी आहे की कोलोस्टॉमी, हे पहिल्या वाक्यात सांगा. इलिओस्टॉमी असेल तर जुलाब होण्यासाठीचं (रेचक) औषध घेणार नाही, हेही लगेच सांगा. 'पोट साफ करायला' म्हणून दिलेल्या त्या औषधाने काही तासांत अंगातलं पाणी संपू शकतं, आणि आतडं अडकलेलं असेल तर ते औषध आणखी घातक ठरतं.